खारट रल्ली

मी एकदा दुसऱ्याच्या गोधडीच्या तुकड्यांना कुरडईच्या उरलेल्या चिकाची खळ दिली. चिकात मीठ होतं, हिंगही होता. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही, कारण त्याच सकाळी मी तो चीक वर कच्चं तेल घालून दोन वाट्या खाल्ला होता.

वैशाख आला की हे आठवतं. आमच्या हेंद्रेपाड्यातल्या इमारतीच्या गच्चीवर आता पुन्हा प्लास्टिकचे कागद अंथरलेत, कोपऱ्यांवर विटा ठेवल्यात, आणि तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास जिन्यातून उतरत, मजल्यामजल्यावर टेकत आमच्या दारापर्यंत येतो. या वासाने माणसं हळवी होतात म्हणे. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ परवा जिन्यात डोळे मिटून उभे होते. मला म्हणाले, "अहाहा! बालपण!" बालपणी यांनी कावळे हाकलण्यापलीकडे काही केलं नसणार. गहू आईने वाटला, चीक बहिणींनी गाळला, चुलीपाशी चटके काकूने खाल्ले, आणि आठवण मात्र यांची. असल्या हळव्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे. त्या वासाने मला फक्त घाम फुटतो.

यंदा त्यात भर म्हणून तळमजल्यावरच्या तन्वीने सोसायटीच्या हॉलमध्ये गोधडीचं वर्कशॉप काढलंय. तन्वी तिशीची. ऑफिसचं काम घरून करते आणि उरलेल्या वेळात सावकाश जगते. गोधडीला ती 'क्विल्ट' म्हणते आणि धावदोऱ्याला 'ध्यान'. हॉलमध्ये दहा-बारा बायका आणि ओढून आणलेला एक नवरा गोल करून बसलेले असतात. प्रत्येकापुढे कोरं करकरीत कापड, कधी कुणाच्या अंगाला न लागलेलं, कुणाच्या घामाची ओळख नसलेलं. गोधडीसाठी नवं कापड विकत आणायचं, म्हणजे फोडणीची पोळी करायची म्हणून सकाळी उठून ताज्या पोळ्या लाटायच्या. पण हे बोलायची सोय नाही. बोललं की आपण जुने.

"काका, हे बघा," म्हणून तन्वीने मला एक बाटली दाखवली. "स्प्रे स्टार्च. कापडावर मारायचं, इस्त्री फिरवायची. कापड एकदम कागदासारखं होतं. मग तुकडे कसे, कोपऱ्याला कोपरा बरोब्बर बसतो."

तिने एक फवारा मारला. हॉलभर कुठल्यातरी परदेशी फुलांचा वास पसरला. खळीला फुलांचा वास! मी तुच्छतेने चष्मा लावला आणि बाटलीची पाठ वाचली. बारीक अक्षरांत दोन सूचना होत्या. कापण्याआधी मारा. शिवून झाल्यावर धुऊन टाका. मला हसू आलं. तन्वीला वाटलं, काकांना आवडलं. प्लास्टिकच्या बाटलीला जे कळतं, ते मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं, हे तिला कुठून माहीत असणार?

त्या वैशाखात मी नुकताच निवृत्त झालो होतो. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं मी माल तपासत असे. खिशात पोलादी पट्टी, हातात कॅलिपर, टेबलावर लाल शिक्का. 'नापास'. केसाएवढा फरक दिसला की शिक्का मारायचा आणि मान वर न करता पुढचा तुकडा घ्यायचा. मान वर न करण्यात एक रुबाब असतो, असा माझा समज होता.

माझा शर्ट खळीचा असे. इतका कडक, की मी रिक्षात बसलो तरी शर्ट क्षणभर उभाच राही आणि मग बसे. शिफ्टचे कामगार रिक्षात दाटीवाटीने कोंबलेले असत, तेलकट, घामेजलेले. त्यांच्यात मीच एकटा कागदी. मी चढलो की ते जरा सरकत. मला वाटे, मान देतात. पुढे त्यांच्यातल्या एकाने निरोप समारंभात, चांगलं बोलायचं म्हणून, सांगून टाकलं की साहेबांच्या बाहीची कड आमच्या दंडाला टोचते.

असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घरच्यांचं काय होतं, ते माझ्या बायकोला विचारा. शैला पोळ्या लाटायची आणि मी व्यास बघायचो. तिने वाळत घातलेल्या कपड्यांच्या चिमट्यांमधलं अंतर मला खटकायचं. पण माझी खरी तुच्छता राखून ठेवलेली होती ती तिच्या वाकळींसाठी.

शैला साताऱ्याकडची. ती वाकळ म्हणते, मी कोकणातला, मी गोधडी म्हणतो. तेवढ्यावरूनही आमचं एक भांडण रोज निघे. दुपारची भांडी आवरली की ती खिडकीपाशी पाय पसरून बसायची. मांडीवर जुन्या कपड्यांचे तुकडे, तोंडात दोऱ्याचं टोक. मी पेपरावरून डोकं काढून विचारायचो, "झाल्या का चिंध्या?" एकदा मी तिची अर्धी शिवलेली वाकळ घेतली, पोलादी पट्टी लावली आणि जाहीर केलं, "अठ्ठावीस कोपऱ्यांपैकी एकही जुळत नाही. आमच्याकडे असती तर आख्खा लॉट परत." ती म्हणाली, "मग द्या ना परत. रात्री पांघरू नका." मी पांघरतच होतो, म्हणून पट्टी परत खिशात गेली.

तीस वर्षं तिने नात्यातल्या प्रत्येक बाळाला दुपटं शिवून दिलं. लोक 'छान आहे हां' म्हणायचे आणि वर्षभराने तेच दुपटं त्यांच्या स्कूटरच्या सीटवर दिसायचं. एकदा एका भाच्याने तर तिच्यादेखतच दुपट्याने बाइकची चेन पुसली.  वर मी म्हणालो, "ऑइल चांगलं शोषतंय."

हे लिहिताना माझी मलाच किळस येते आहे, पण लेख माझ्या मूर्खपणाचा आहे, तेव्हा माल आहे तसा दाखवला पाहिजे.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये शैला कटपीस आणायला जायची. तिथल्या गल्लीत दोन्हीकडून शिवणयंत्रांचा खडखडाट, मधून जीन्सच्या निळ्या गठ्ठ्यांच्या हातगाड्या, आणि हवेत इतका कापसाचा भुगा, की बोलायला तोंड उघडलं की घसा खवखवतो. तिथे एका बोळाच्या तोंडाशी अम्माचं दुकान. अम्मा सत्तरीची सिंधी बाई. दुकान मुलगा चालवतो असं मुलाला वाटतं. अम्मा गादीवर मांडी घालून बसते, बडीशेप चघळते, आणि गिऱ्हाइकाने कापड हातात घेतलं की कापडाकडे न बघता गिऱ्हाइकाच्या बोटांकडे बघते. तिचं मराठी कॅम्पातलं, निम्मं हिंदीत भिजवलेलं.

तिने शैलाची बोटं बरीच वर्षं बघितली असावीत. त्या वैशाखाच्या सुरुवातीला तिने गादीखालून एक पिशवी काढली. आत तळहाताएवढा एक चौकोन होता. लाल, काळे, पिवळे, पांढरे त्रिकोण एकमेकांच्या टोकाला टोक लावून जोडलेले.

"ये मेरी माँ की रल्ली," अम्मा म्हणाली. "आम्ही सिंधी लोक गोधडीला रल्ली बोलतो. फाळणीत सिंधमधून येताना अंगावर घेऊन आली. इथे बराकीत आम्ही पाच भावंडं हिच्याखाली झोपायचो. नंतर विरली, फाटली, फरशी पुसायला गेली. एवढाच तुकडा वाचला. शैला, मला अशी पूर्ण रल्ली पाहिजे."

"अम्मा, मी वाकळवाली. मला हे जमेल का?"

"तीन टेलरना दिली. तिघांनी मशीन मारून आणली. तीनों मैंने रस्ते पे फेक दी. तू हाताने कर. और सुन, मरने से पहले वगैरे कुछ नहीं है, रडू नको. मला दुपारी झोपायला पाहिजे."

मग तिने गाठोडं दिलं. तिच्या घरात वापरलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं सुती कापड. नवऱ्याचे शर्ट, तिच्या ओढण्या, आणि बराकीत दोन कुटुंबांच्या मध्ये जो पडदा टांगलेला असे तो लाल पडदा. "याच्याबाहेरचं एक सूतसुद्धा नको," तिने बजावलं. "कमी पडलं तर कमी. दुसऱ्याचं घालू नको."

त्या दिवशी घरी आलेल्या शैलाचा आवाजच वेगळा होता. घराबाहेरच्या माणसाने, स्वतःहून, तिच्या हातावर भरवसा ठेवून काम देण्याची ही पहिलीच वेळ. ती तीन दिवस तो चौकोन मांडीवर ठेवून नुसती बघत होती. चौथ्या दिवशी तिने कात्री घेतली. निम्मे त्रिकोण कापून झाले आणि अडचण लक्षात आली. कापड इतकं मऊ, की शिवताना टोक पळायचं. तिरकी कापलेली बाजू ओढली की वाढायची.

"उरलेल्या कापडाला भाताच्या पेजेची खळ देते," ती म्हणाली. "आख्ख्या कापडाला, कापायच्या आधी. अगदी पातळ. वाळलं की कापीन. शिवून झाली की धुऊन टाकायची सगळी. आमची आई अशीच करायची."

"पातळ कशाला?" मी विचारलं. अर्धवट गोष्टी मला पहिल्यापासून आवडत नाहीत.

"जाडीची काय गरज?"

या साध्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे पूर्ण वैशाखभर शोधत बसलो.

आमच्याकडे कुरडयांची पाळी असते. आज आपल्याकडे चार जणी जमतात, उद्या त्यांच्याकडे आपण जायचं. सोमवारी आमच्या कुरडया झाल्या. भलंमोठं पातेलं, त्यात गदगदणारा चीक, सोऱ्या दाबून दाबून लाल झालेले तळहात, आणि गच्चीवर हजारो पांढऱ्या नागमोडी जाळ्या. मंगळवारी शैला अंबरनाथला बहिणीकडे पाळी फेडायला गेली. जाताना सांगून गेली, "पातेल्यात चीक उरलाय, खाऊन टाका. आणि त्या तुकड्यांना हात लावू नका."

दोन्हींपैकी पहिली सूचना मी पाळली. दोन वाट्या खाल्ल्या. मग पातेल्याकडे आणि तुकड्यांकडे आलटून पालटून बघत बसलो. गव्हाचं सत्त्व ते! भाताच्या पेजेला याची सर कुठून येणार? माझ्या शर्टांना मैद्याची खळ, आणि हा तर मैद्याचाही बाप. मीठ आहे हे डोक्यात आलं होतं. पण कापडाला काही चव घ्यायची नाही, असा मी तर्क केला. तीस वर्षं माल तपासलेल्या माणसाचा तर्क.

उरलेलं कापड मी पट्टीने आखून कापलं. मग थिजलेला चीक गरम पाण्यात घालून ताकासारखा रवीने घुसळला आणि सगळे तुकडे, तिने कापलेले, मी कापलेले, त्यात बुडवले. पत्र्याचा एक साचा केला होता. ओला त्रिकोण साच्यावर ठेवायचा, तीनही टोकं ओढून किंवा मागे रेटून नेमकी साच्याच्या टोकांवर आणायची, आणि तसाच प्लास्टिकवर वाळत टाकायचा. ज्याला वाढायचं नव्हतं त्यालाही मी वाढवलं. दुपारच्या उन्हात गच्ची तव्यासारखी तापलेली, पायाला चटके, आणि मी कुरडयांच्या शेजारी अम्माचं आयुष्य ओळीने वाळत घालतोय. संध्याकाळी उचलायला गेलो तर तुकडे टकटक वाजत होते. कॅलिपर लावला. सगळे एकसारखे! मी आनंदाने एक त्रिकोण हातावर उभा करून बघितला. उभा राहिला.

शैला आली, तिने एक तुकडा हातात घेतला, वाकवला. कपाळावर आठी आली. "कशाची खळ?"

"गव्हाची," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. अर्धं खरं बोलण्याची ती तऱ्हा मी ऑफिसात शिकलो होतो.

तिने दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धरले. जुळले. अजून दोन. जुळले. आणि ती म्हणाली, "चांगलं केलंत हो."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. घरातल्या कुठल्याही कामाबद्दल हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्यानंतर मीठ, हिंग, ओढाताण यांतलं काही सांगणं मला शक्य नव्हतं. लाजेपेक्षा ते वाक्य परत जाईल ही भीती मोठी होती.

तिने बारा दिवसांत रल्ली शिवली. सुई आत जाताना पापडात टोचल्यासारखा आवाज यायचा. बोटांची टोकं सोलवटली, पण ती थांबली नाही. लाल, काळं, पिवळं, पांढरं. मधे चांदण्यांसारखी फुलं. प्रत्येक कोपरा बरोब्बर. शेवटचा टाका घालून ती म्हणाली, "आता धुवायची."

नेमका त्या दिवशी पाणी नव्हतं. कुठेतरी पाइपलाइनचं काम होतं, दोन दिवस बंद. मला तर पर्वणीच. म्हणालो, "धुतली की मऊ पडेल. एवढी कडक आहे, तशीच दाखव की! दुकानातल्यासारखी दिसतेय." ती म्हणाली, "वाकळ दिसायला नसते हो." मी म्हणालो, "अम्मा धुईल तिच्या सवडीने." शेवटी मीच ती खांद्यावर टाकून निघालो. टाकून म्हणजे, दारासारखी काखेत धरून.

अम्माने ती गादीवर उघडली. रल्ली कडेवर उभी राहिली. अम्मा तिच्याभोवती फिरून आली.

"साईं, ये ओढने का है कि दीवार बनाने का?"

"कोपरे बघा, अम्मा," मी म्हणालो.

"कोपरे मैं क्या चाटूँ?" ती म्हणाली, पण ठेवून घेतली.

नंतरचे दोन दिवस मळभ होतं. उल्हास नदीकडून दमट वारा यायचा, भिंतींना ओल सुटल्यासारखं वाटायचं, डब्यातली बिस्किटं मऊ पडली. मीठ हवेतलं पाणी कसं पितं हे शाळेत शिकलो होतो, पण तेव्हा परीक्षा झाली की विसरायचं असायचं. तिसऱ्या दिवशी शैलाच्या फोनवर अम्माच्या मुलाचा फोन. तो एवढंच म्हणाला, "आंटी, अंकल को भी लाना."

अम्मा गादीवर ताठ बसली होती. रल्ली समोर पडली होती, चिकट, ओशट, हिंगाचा वास सोडत. तिच्यावरून लाल मुंग्यांची ओळ शिस्तीत चालली होती, नेमकी शिवणीवरून. दुपारी अम्मा ती पांघरून झोपली होती. घाम, मीठ आणि गव्हाचं सत्त्व यांची तिच्या अंगावर लापशी झाली. सुनेने ती सोडवली तेव्हा म्हणे आवाज आला.

"मैंने बोला रल्ली बनाओ," अम्मा म्हणाली. "इन्होंने मेरा ही पापड बना दिया."

शैलाने रल्लीवर बोट टेकवलं आणि ते जिभेला लावलं. मग माझ्याकडे वळली.

"अहो, चीक कुठला घेतला होता?"

कधीतरी खरं बोलावं लागतं, आणि ते नेहमी चार माणसांत बोलावं लागतं. मी म्हणालो, "उरलेला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदर खोचला, रल्ली उचलली आणि दुकानामागच्या नळावर नेली. पहिलं पाणी ताकासारखं, दुसरं पेजेसारखं, पाचवं कुठे स्वच्छ आलं. आणि खळ उतरली तसा एकेक त्रिकोण आपल्या मूळ आकारावर गेला. ज्यांना मी ओढलं होतं ते आखडले, जे मुळात मोठे होते ते मोठे झाले. दोरीवर टाकली तेव्हा कोपरे दोन दोन बोटं इकडेतिकडे, आणि मध्यभागी रल्ली टम्म फुगलेली, पुरीसारखी. कापडावर जबरदस्तीने घेतलेला माझा तो सारखेपणा गटारातून वाहून गेला होता.

शैला दोरीखाली उभी राहून बघत होती. तिच्या हातात आलेलं पहिलं काम. अम्माने चौथी रल्लीही रस्त्यावर फेकली असती तर कॅम्पात सगळ्यांना कळलं असतं, मशीन मारणारे तीन टेलर आणि चौथी ही. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "अम्मा, ब्लेड द्या. मी सगळी उसवते. परत करते."

अम्माने बडीशेप एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तू नहीं उसवेगी. ये उसवेगा. यहाँ बैठके."

म्हणून त्या वर्षीचा उरलेला वैशाख मी कॅम्प दोनमध्ये, दुकानाच्या पायरीवर पाट टाकून, टाके उसवत घालवला. खळीचा शर्ट पहिल्याच दिवशी घामाने उतरला, दुसऱ्या दिवसापासून घातलाच नाही. येणारी गिऱ्हाइकं मला नवीन माणूस समजून भाव विचारायची. एका बाईने विचारलं, "भैया, फॉल-पिको करते हो?" अम्मा आतून ओरडली, "वो कुछ नहीं करता. वो सिर्फ बिगाडता है!" आणि दिवसातून चार वेळा, चहा देताना, "इन्स्पेक्टर, पास या नापास?"

उसवणं शिवण्यापेक्षा कठीण आहे. ब्लेडची धार जरा कलली की जुनं कापड जातं. एक एक टाका कापायचा, दोरा चिमटीत धरून काढायचा, तुकडा मांडीवर सपाट करायचा. तीस वर्षं मी लोखंड तपासलं. लोखंड आपल्याबद्दल काही सांगत नाही. इथे मी एक तुकडा सोडवला की गादीवरून अम्मा सांगायची. "ये काला मेरे घरवाले का पाजामा. पिवळी ओढणी, त्यात मी पळून जाऊन लग्न केलं. लाल पडदा आहे ना, त्याच्या पलीकडून शेजारीण आमची भांडणं ऐकायची आणि मधेच बोलायची, चूक तुझी आहे." मी ऐकत होतो. या पडद्याला मी टोकं ओढून साच्यावर बसवलं होतं. शैला शेजारी बसून सुटलेले तुकडे रंगांप्रमाणे लावायची, माझ्याशी एक अक्षर न बोलता. अबोलाही तिने धावदोऱ्यासारखा घातला, सलग, न तुटता. सहाव्या दिवशी तिने माझ्या हातातलं ब्लेड घेऊन नवीन लावून दिलं, तेवढाच काय तो संवाद.

तुकड्यांच्या कडा उसवताना झिरल्या होत्या. तिने ते सगळे भाताच्या पातळ पेजेतून काढले, न ओढता, हाताने थोपटून वाळवले, कोमट इस्त्री फिरवली आणि मग प्रत्येकाची कड कापून नवा, लहान त्रिकोण केला. आधी खळ, मग कात्री. कापडाला तिने एकदाही विचारलं नाही की तू मापात का नाहीस. पण प्रत्येक तुकड्यातून बोटभर कापड गेलं, आणि बाहेरचं सूत घालायचं नव्हतं. तिने रुंदी राखली, कारण कुशीवर वळलं तरी अंग झाकलं पाहिजे. लांबी गेली.

शिवून झाल्यावर तिने ती दोनदा धुतली. घेऊन गेलो तेव्हा मी मागे उभा होतो, शिक्क्याविना. अम्माने रल्ली नाकाला लावली, गालाला लावली, तो जुना चौकोन काढून तिच्यावर ठेवला. मग गादीवर आडवी झाली, पांघरली आणि भर दुकानात, यंत्रांच्या खडखडाटात, झोपून गेली. पाच मिनिटांत घोरायला लागली. शैला तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. माझ्याशी बोलली ती थेट रिक्षात बसल्यावर. म्हणाली, "चला, भाजी घ्यायचीय."

आता दर वैशाखात कुरडयांचा डबा घेऊन आम्ही अम्माकडे जातो. पाण्याचा पेला पुढे करण्याआधी ती विचारते, "नमक डाला?" शैलाला आता कॅम्पातून आणि बाहेरूनही कामं येतात. ती नाही म्हणायलाही शिकली आहे. तुकड्यांना मी हात लावत नाही. सुईत दोरा ओवून देतो. चष्म्याचा नंबर माझा कमी आहे, एवढीच माझी पात्रता.

परवा तन्वी मागे लागली, अम्माची रल्ली बघायचीच. घेऊन गेलो. तिने फोन काढला, वरून, खालून, कोपऱ्याकोपऱ्यातून फोटो घेतले. हात लावायचं मात्र राहून गेलं. मग रल्ली उलगडून धरली आणि तिच्या लक्षात आलं की ती अंगापेक्षा आखूड आहे. तिचे डोळे चमकले.

"किती वेगळं प्रपोर्शन! अम्मा, पाय मोकळे ठेवायची तुमच्याकडे परंपरा असेल ना? त्यामागे काहीतरी अर्थ असणार."

मी हसणार होतो. अर्थ शोधणाऱ्यांची मला भयंकर कीव येते. पण अम्मा माझ्याकडे बघत होती. तिने बडीशेप गिळली, पाय पसरले आणि तन्वीला म्हणाली,

"बेटा, गुडघ्यापर्यंत शैला आहे. त्याच्याखाली थंडीत जे उघडं पडतं ना, ते या इन्स्पेक्टरचं काम."